ठरावाने काय साधते?

दिनांक १६ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा निषेध करणारा एक ठराव २४० विरुद्ध १८७ मतांनी संमत केला. त्या ठरावाने राष्ट्राध्यक्षांचे पद गेले नाही, त्यांना दंड झाला नाही, त्यांच्या एकाही अधिकाराला कात्री लागली नाही. ठराव वरिष्ठ सभागृहाकडे गेला नाही, आणि ज्यांच्याविषयी तो होता त्यांची स्वाक्षरीही त्याला लागणार नव्हती. तो केवळ सभागृहाचे मत होते. तरीही त्या एका मतासाठी ते सभागृह दिवसभर पेटून उठले होते. ज्या कागदाने काहीच घडत नाही त्यासाठी एवढा अट्टहास का, हा प्रश्न आमचे विद्यार्थी नागरिकशास्त्राच्या तासाला विचारतात. आणि ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत निवडून गेलेले माजी विद्यार्थीही भेटीत तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर मांडावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम घटना काय होती ते पाहू. १४ जुलै २०१९ च्या रविवारी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर विरोधी पक्षाच्या काही स्त्री-सदस्यांना उद्देशून लिहिले, की ज्या मोडक्या आणि गुन्हेगारीने पोखरलेल्या ठिकाणांहून तुम्ही आलात तेथे परत जा, आधी ती सुधारा आणि मग येथे येऊन आम्हांला शिकवा. नावे घेतली नव्हती. पण रोख कोणाकडे होता हे सर्वांना ठाऊक होते. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ, रशिदा तलीब, अयाना प्रेस्ली आणि इल्हान ओमर या त्या चौघी. यांतील तिघींचा जन्म अमेरिकेतच झाला आहे. ओमर तेवढ्या सोमालियात जन्मल्या, निर्वासित म्हणून लहानपणी अमेरिकेत आल्या आणि रीतसर नागरिक झाल्या. म्हणजे ‘तेथे परत जा’ यातील ‘तेथे’ तिघींच्या बाबतीत न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि सिनसिनाटी ही अमेरिकन शहरेच होती. मग त्या परक्या कशावरून ठरल्या? कातडीच्या रंगावरून आणि नावांवरून. या वाक्याची जात आपल्या ओळखीची आहे. माणूस कोणत्या मातीत जन्मला, त्याने काय शिकले, किती लोकांनी त्याला निवडून दिले, हे सारे बाजूला सारून ‘तुझी जागा ही नव्हे’ असे त्याला बजावणारे ते वाक्य आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे काढले, त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

दोन दिवसांत ठराव मांडला गेला. मांडणारे टॉम मॅलिनोव्स्की हे न्यू जर्सीचे सदस्य स्वतः पोलंडमध्ये जन्मलेले, म्हणजे मूळ अर्थाने ‘बाहेरून आलेले’, आणि गोरे. त्यांना कोणी परत जाण्यास सांगितले नव्हते. ठरावाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. त्यात आधी देशाच्या संस्थापकांनी नवागतांविषयी काय म्हटले त्याचे दाखले आहेत. मग रूझवेल्ट, केनेडी यांची वचने आहेत. आणि पुढे रोनाल्ड रेगन यांच्या राष्ट्राध्यक्ष या नात्याने केलेल्या अखेरच्या भाषणाचा आधार आहे. रेगन हे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे आराध्य दैवत. समोरच्या बाकांवरील सदस्यांना ‘तुमच्याच थोर पुढाऱ्याचे म्हणणे मान्य करा’ असे सांगण्याची ही तजवीज होती. एवढी प्रस्तावना झाल्यावर शेवटी मूळ कलम येते: राष्ट्राध्यक्षांच्या वंशद्वेषी वक्तव्यांनी नव्या नागरिकांविषयीची व कृष्णवर्णीयादी जनांविषयीची भीती आणि द्वेष वाढविला व त्याला प्रतिष्ठा दिली, म्हणून हे सभागृह त्या वक्तव्यांचा तीव्र निषेध करते.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. ठरावाने वक्तव्यांना वंशद्वेषी म्हटले. व्यक्तीच्या अंतःकरणाचा निवाडा केला नाही. माणूस मनातून कसा आहे हे कोणत्याही सभागृहाला ठरवता येत नाही, आणि ठरवू नये. बोललेले शब्द मात्र सर्वांसमोर असतात, त्यांची तपासणी करता येते. हा भेद ज्यांना साधत नाही त्यांचे निषेध शिवीगाळीत संपतात.

चर्चेच्या दिवशी मोठी गंमत झाली. गंमत म्हणावी की विपर्यास, हे वाचकांनी ठरवावे. सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ठरावाच्या बाजूने बोलताना राष्ट्राध्यक्षांच्या वक्तव्यांना वंशद्वेषी म्हटले. त्यावर जॉर्जियाचे डग कॉलिन्स यांनी हरकत घेतली, की सभागृहाच्या नियमांप्रमाणे राष्ट्राध्यक्षांविषयी असे शब्द चर्चेत वापरता येत नाहीत. नियम खरोखरच तसा होता. थॉमस जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षस्थान सांभाळत असताना त्यांनी संसदीय कामकाजाची एक नियमपुस्तिका रचली होती. १८०१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि प्रतिनिधिगृह आजही तिचा आधार घेते. तिच्या परंपरेतून हा संकेत आला. म्हणजे झाले असे, की जो शब्द ठरावाच्या मजकुरात छापलेला होता तोच शब्द ठरावावरील चर्चेत उच्चारणे नियमबाह्य ठरले! आणि हा संकेत ज्यांच्या नावाच्या पुस्तिकेतून निघाला त्या जेफरसन यांनी, ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे जाहीरनाम्यात लिहूनही, आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली होती. इतिहासाचा विद्यार्थी अशा ठिकाणी क्षणभर थांबतो.

त्या वेळी अध्यक्षस्थानी मिसुरीचे इमॅन्युएल क्लीव्हर होते. ते कृष्णवर्णीय, पेशाने धर्मोपदेशक, शांत स्वभावाचे गृहस्थ. दोन्ही बाजूंचा गदारोळ पाहून त्यांनी हातातील हातोडी खाली ठेवली, आपण अध्यक्षस्थान सोडत आहोत असे जाहीर केले आणि ते निघून गेले. पुढे बहुमतवाल्या पक्षाचे नेते स्टेनी हॉयर यांनाच अध्यक्षस्थानावरून आपल्या सभापतींचे शब्द नियमाला धरून नाहीत, असा निर्णय वाचून दाखवावा लागला. सभागृहाने मग बहुमताने ते शब्द कामकाजातून काढण्यास नकार दिला. सभापतीच्या शब्दांवर असा ठपका येण्याचा प्रसंग त्याआधी १९८४ मध्ये टिप ओ’नील यांच्यावर आला होता. म्हणजे पस्तीस वर्षांनी तो पुन्हा आला.

आपल्याकडे या बाबतीत व्यवस्था थोडी अधिक सुज्ञ आहे, असे आमचे मत आहे. लोकसभेच्या नियम ३५२ प्रमाणे उच्चपदस्थांच्या वर्तनावर येताजाता शिंतोडे उडवता येत नाहीत. मात्र योग्य शब्दांत रचलेला स्वतंत्र प्रस्ताव समोर असेल तर त्या वर्तनाची चर्चा करता येते. म्हणजे आडून बोलू नका, बोलायचे तर नोटीस देऊन समोरासमोर बोला. न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाबाबत तर संविधानाच्या अनुच्छेद १२१ नेच संसदेतील चर्चेला मनाई केली आहे; त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असेल तेवढाच त्याला अपवाद.

मतदानात डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्व २३५ सदस्य ठरावाच्या बाजूने उभे राहिले. रिपब्लिकन पक्षातून केवळ चौघे आले: टेक्सासचे विल हर्ड, मिशिगनचे फ्रेड अप्टन, पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक आणि इंडियानाच्या सुसान ब्रुक्स. जस्टिन अमाश यांनी त्याच महिन्यात पक्ष सोडला होता; त्यांचे मत धरून बेरीज २४० झाली. हर्ड हे त्या वेळी प्रतिनिधिगृहातील एकमेव कृष्णवर्णीय रिपब्लिकन होते. विरोधात मत देणाऱ्यांपैकी काहींनी ‘शब्द गैर होते’ असे सभागृहाबाहेर मान्य केले होते, पण ठराव हा राजकीय डाव आहे अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. सभागृहात मांडला जाणारा कोणता ठराव राजकारणाशिवाय असतो? परंतु शब्द गैर होते आणि त्यांना गैर म्हणायचेही नाही, ही भूमिका टिकाऊ नाही.

परिणाम काय झाला? दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे ट्रम्प यांची सभा झाली आणि ओमर यांचे नाव निघताच जमावाने ‘तिला परत पाठवा’ अशा घोषणा दिल्या. त्याच दिवशी टेक्सासचे अल ग्रीन यांनी, नुसता निषेध पुरेसा नाही, या वक्तव्यांसाठी महाभियोग चालवावा, असा प्रस्ताव आणला. तो ३३२ विरुद्ध ९५ मतांनी बाजूला ठेवण्यात आला. निषेध करायला २४० तयार होते. निषेधाची किंमत वसूल करायला ९५. या दोन आकड्यांमधले अंतर हेच प्रतीकात्मक ठरावाचे खरे माप होय.

आता अशा ठरावांच्या पायऱ्या कोणत्या ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रत्येक सभागृहाला आपल्या सदस्यांना शिस्त लावण्याचा अधिकार दिला आहे. सर्वांत कठोर उपाय हकालपट्टीचा. त्याला दोन-तृतीयांश मते लागतात. त्याखाली निंदाव्यंजक ठराव. त्याला साधे बहुमत पुरते, आणि प्रथेनुसार त्या सदस्याला सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून सभापतींच्या तोंडून ठराव ऐकावा लागतो. त्याखाली ताकीद, आणि त्याहून सौम्य म्हणजे नापसंतीचा ठराव. राष्ट्राध्यक्ष हे सभागृहाचे सदस्य नसल्यामुळे त्यांच्यासाठी ही शिडी नाही. घटनेने त्यांच्यासाठी महाभियोग सांगितला आहे. निषेधाच्या ठरावाचा उल्लेखही नाही. तो प्रथेने जन्मला.

त्या प्रथेचा जुना आणि गाजलेला दाखला १८३४ चा आहे. २८ मार्च १८३४ रोजी वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, राष्ट्राध्यक्ष अँड्रयू जॅक्सन यांची २६ विरुद्ध २० मतांनी निंदा केली. कारण होते राष्ट्रीय बँकेतून सरकारी ठेवी काढून घेण्याचे. जॅक्सन यांनी रागाने निषेधपत्र धाडले; सिनेटने ते इतिवृत्तात नोंदवून घेण्यास नकार दिला. पण त्यांचे पाठीराखे थॉमस हार्ट बेंटन चिकाटीचे निघाले. पारडे फिरताच १६ जानेवारी १८३७ रोजी सिनेटने २४ विरुद्ध १९ मतांनी जुना ठराव पुसून टाकण्याचा ठराव केला. मूळ इतिवृत्ताची वही सभागृहात आणली गेली, त्या नोंदीभोवती चिटणिसाने काळ्या रेघा ओढल्या आणि तीवर ‘सिनेटच्या आज्ञेने रद्द’ असे लिहिले. ज्या ठरावाने काहीच होत नाही म्हणतात, तो पुसण्यासाठी एका राष्ट्राध्यक्षाच्या पाठीराख्यांनी जवळजवळ तीन वर्षे खर्ची घातली. काही होत नव्हते तर ते का झगडले?

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही. याच जॅक्सन यांनी १८३० मध्ये मूलनिवासी जमातींना त्यांच्या भूमीतून हुसकावणाऱ्या कायद्यावर सही केली होती. त्यातून पुढे चेरोकी आदी जमातींचे हजारो लोक वाटेतच मेले. त्यासाठी सिनेटने त्यांची निंदा केली नाही. निंदा झाली ती बँकेच्या ठेवींसाठी. निषेधाचा ठराव वाचताना त्यात काय आहे हे जसे पाहावे, तसे त्या काळात कशाचा निषेध झालाच नाही हेही पाहावे.

२०१९ च्याच जानेवारीत घडलेले एक प्रकरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. आयोवाचे सदस्य स्टीव्ह किंग यांनी एका वृत्तपत्राला मुलाखत देताना, गोऱ्यांचा राष्ट्रवाद आणि गोऱ्यांचे वर्चस्व हे शब्द केव्हापासून आक्षेपार्ह ठरले, अशा अर्थाचा सवाल केला. १५ जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनी, साऊथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते जेम्स क्लायबर्न यांनी मांडलेला ठराव ४२४ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाला. त्या ४२४ मध्ये खुद्द स्टीव्ह किंग होते! गोऱ्यांच्या वर्चस्ववादाचा धिक्कार करणाऱ्या ठरावाला त्यांनी आनंदाने होकार भरला. मग ते एक विरोधी मत कोणाचे? शिकागोचे बॉबी रश यांचे. ते तरुणपणी कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ चळवळीत होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्याचा निषेध करायचा तोच हात वर करू शकतो, तर हा निषेध कसला? किंग यांना मध्यभागी उभे करून निंदाव्यंजक ठराव वाचला पाहिजे, त्याहून कमी आपल्याला मान्य नाही.

रश यांचे ते एकाकी मत आम्हांस त्या ४२४ मतांपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. ज्या ठरावाने कोणाचीच अडचण होत नाही तो ठराव सर्वांनाच सोयीचा असतो. किंग यांची खरी अडचण ठरावाने झालीच नाही. ती त्यांच्याच पक्षाने आदल्या दिवशी केली होती. त्यांना सर्व समित्यांवरून काढण्यात आले. समिती गेली म्हणजे मतदारसंघातील शेतकऱ्याचे काम करण्याचे साधन गेले. २ जून २०२० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले, आणि प्रतिस्पर्ध्याने प्रचारात नेमका हाच मुद्दा उचलला होता. शब्दांची किंमत समितीच्या खुर्चीत मोजली गेली.

उलट दिशेचा दाखलाही हवा. ९ सप्टेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा दोन्ही सभागृहांपुढे आरोग्यविम्यावर भाषण करीत असता साऊथ कॅरोलायनाचे जो विल्सन ‘खोटे बोलता!’ असे मोठ्याने ओरडले. १५ सप्टेंबरला त्यांच्यावर २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंतीचा ठराव झाला. पण दरम्यान त्यांच्याकडे देशभरातून देणग्यांचा ओघ लागला. थोड्याच दिवसांत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडेही जमली, हे खरे. परंतु निषेधाचे असे भांडवल होऊ शकते हे सर्वांना कळून चुकले. हल्लीच्या काळात काही पुढारी निषेधाची वाट पाहूनच बोलतात की काय, अशी शंका येते.

या हत्याराला दोन धारा आहेत हे पुढील वर्षांत दिसले. १८३२ पासून २०१० पर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षांत प्रतिनिधिगृहाने २३ सदस्यांची निंदा केली. २०२१ मध्ये चोविसावी झाली, आणि पुढे २०२३ या एकाच वर्षात तिघांची. त्यांत एक होत्या रशिदा तलीब, म्हणजे ज्या चौघींसाठी २०१९ चा ठराव झाला त्यांतील एक. इस्रायल–पॅलेस्टाइन युद्धाविषयीच्या त्यांच्या वक्तव्यांसाठी ७ नोव्हेंबर २०२३ रोजी २३४ विरुद्ध १८८ मतांनी त्यांची निंदा झाली. त्यांच्याच पक्षाचे २२ सदस्य विरोधकांना मिळाले. आणि ६ मार्च २०२५ रोजी निंदा झाली ती अल ग्रीन यांची. ट्रम्प यांच्या भाषणात उभे राहून त्यांनी काठी उगारून अडथळा आणला, हे कारण. २०१९ मध्ये ‘नुसता निषेध पुरेसा नाही’ म्हणणारे हेच ते ग्रीन. ज्याच्या हाती बहुमत त्याच्या हाती हातोडी. नाणे जितके अधिक पाडावे तितके त्याचे मोल उतरते; निषेधाचे तसेच झाले आहे.

येथे सुजाण वाचक विचारील, की बोलल्याबद्दल निषेध म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ रोजी एका प्रकरणात एकमताने दिले. ह्यूस्टन येथील एका महाविद्यालयीन मंडळाने आपल्याच निर्वाचित विश्वस्ताची शाब्दिक निंदा केली होती. त्या विश्वस्ताने ती भाषणस्वातंत्र्याचा भंग म्हणून आव्हानिली. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की निवडून आलेल्या माणसाने टीका सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि त्याला बोलण्याचा हक्क आहे तसा त्याच्या सहकाऱ्यांनाही त्याच्याविरुद्ध बोलण्याचा हक्क आहे. नुसत्या शब्दांनी शब्दांना दिलेले उत्तर म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. आम्हांस हा निकाल पटतो. ठरावाची दुर्बलता, म्हणजे त्यात शिक्षा नसणे, हीच येथे त्याची वैधता ठरते.

शिक्षा नसलेल्या ठरावाचा अनुभव आपल्या समाजाइतका क्वचितच कोणाला असेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यवर्गास खुले असावेत. सरकारी आदेशही निघाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून आपले चवदार तळे खुले केले. कागदावर सारे झाले. तळ्याचे पाणी मात्र कोणी घेऊ शकले नाही. ठरावाची अशी विटंबना पाहून बोले यांनीच १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. पहिल्या ठरावात मत होते. दुसऱ्यात किंमत होती. आणि तरीही पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर काय झाले? जी नगरपालिका तीन वर्षे ठराव अंमलात आणत नव्हती, तिने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठरावच रद्द केला. जॅक्सन यांच्या पाठीराख्यांसारखेच हेही. कोरडा कागद होता तोवर कोणाला त्याची भीती नव्हती. ओंजळ भरताच तो पुसण्याची घाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

पण बोले यांचा ठराव व्यर्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. महाडला गेलेले लोक नवा हक्क मागत नव्हते. कायदेमंडळाने आणि नगरपालिकेने जे मान्य केले होते ते वापरीत होते. त्या दोन कागदांनी सत्याग्रहाच्या पायाखाली कायद्याची जमीन घातली. बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांनी ठरावाचे मोल नेमके ओळखले, त्याला ना डोक्यावर घेतले ना केराच्या टोपलीत टाकले.

दुसरी कथा आपल्यातील अनेकांनी स्वतः पाहिली आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जिवंत राहू दिले नाही. ठरावाची अंमलबजावणी थांबली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावर, आणि तोही ‘मराठवाडा’ हा शब्द नावात कायम राखून. दोन्ही वेळी मुख्यमंत्रिपदी शरद पवार होते. मधल्या काळात लाँगमार्च, तुरुंगवास, आत्माहुती यांनी तो ठराव जिवंत ठेवला. विधिमंडळाने ठेवला असे इतिहास सांगत नाही. मात्र प्रत्येक मोर्चातील मागणी ‘ठराव करा’ अशी नव्हती, ‘केलेला ठराव पाळा’ अशी होती. या दोन मागण्यांत फार फरक आहे. दुसरी मागणी करणाऱ्याला स्वतःची बाजू सिद्ध करावी लागत नाही. समोरच्याला आपल्या शब्दाचा जाब द्यावा लागतो.

म्हणून निषेधाचा असो वा अन्य, कोणताही ठराव हाती आला की आम्ही विद्यार्थ्यांना तो मागून पुढे वाचायला सांगतो. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे परिच्छेद कितीही भारदस्त असोत, ते राहू द्या, शेवटचे कलम पाहा. त्यात क्रियापद कोणते आहे? ‘खेद व्यक्त करते’, ‘निषेध करते’, ‘शिफारस करते’, की ‘थांबवते’, ‘काढून टाकते’? कर्म कोणते आहे? माणसाचे नाव आहे, त्याच्या वक्तव्याचा उल्लेख आहे, की ‘समाजात तेढ निर्माण करणाऱ्या प्रवृत्ती’ अशी धूसर शब्दकळा आहे? स्टीव्ह किंग यांना ज्या ठरावाला हात वर करता आला तसला ठराव असेल तर समजावे, की बाण कोणालाच लागू नये अशा बेताने सोडला आहे.

आणि शेवटी मतदान कसे झाले ते पाहावे. अमेरिकन प्रतिनिधिगृहात नावानिशी मत नोंदले जाते. म्हणून अप्टन, हर्ड, फिट्झपॅट्रिक आणि ब्रुक्स यांनी काय केले हे आम्ही येथे बसून लिहू शकतो, आणि उरलेल्या १८७ जणांनी काय केले हेही कोणाला शोधता येते. त्या दिवशी चर्चेत जॉन लुईस बोलले होते. १९६५ मध्ये सेल्मा येथील पुलावर पोलिसांच्या लाठीने ज्यांची कवटी फुटली होती, त्यांनी आपण वंशद्वेष पाहिला की ओळखतो असे सांगितले. १७ जुलै २०२० रोजी ते वारले. त्यांचे भाषण आणि त्यांचे मत त्याच इतिवृत्तात आहे.

आपल्या गावपातळीवरच्या सभांत मात्र बहुतेक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतात. खाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावे, बाकी सारे अनामिक. आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांना सदस्यपदाचा मान मिळाला आहे त्यांनी महत्त्वाच्या ठरावावर नावानिशी मतदान मागावे. विरोध असल्यास तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. तेही न जमले, तर इतिवृत्ताच्या वहीत सभेला हजर असलेल्यांच्या सह्या असतात. ‘सर्वानुमते’ या शब्दातले सर्व कोण, ते त्या सह्यांत सापडते.